शुश्रूषा करणाऱ्याच्या शरीरात काय घडते?

‘आपल्याच माणसाचे करायचे, त्यात थकवा कसला?’ हे वाक्य बहुधा कौतुकाने उच्चारले जाते. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची, स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलाची वर्षानुवर्षे काळजी घेणाऱ्या व्यक्तीला मात्र ते वेगळ्या रीतीने ऐकू येते. रात्री चार वेळा उठल्यानंतर सकाळी आवाज चढला, की तिच्या मनात पहिला विचार येतो तो आपली मायाच कमी पडते आहे हा, आणि शरीराच्या थकव्यावर अपराधीपणाचा थर चढतो. माया असली की शरीर थकत नाही ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची का आहे हे गेल्या तीसेक वर्षांतील संशोधनाने रक्तपेशींच्या पातळीवर दाखवून दिले आहे.

यातील एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया निवडल्या आणि त्यांच्याशी वय व उत्पन्न जुळणाऱ्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रियांशी त्यांची तुलना केली. प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटर व्यासाची एकसारखी लहान जखम वैद्यकीय उपकरणाने करण्यात आली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात हे मोजण्यात आले. जखमेची छायाचित्रे घेतली जात आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहिले जाई. फेस येईनासा झाला की जखम भरली असे मानले जाई. दुसऱ्या गटाला सरासरी 39.3 दिवस लागले, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना 48.7 दिवस. हे निष्कर्ष 1995 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जखम तीच आणि वयेही जवळपास सारखीच असताना हा नऊ दिवसांचा फरक पडला, आणि तो प्रेम कमी की जास्त यावरून पडलेला नव्हता. पुढच्याच वर्षी याच संशोधकांना असे आढळले, की जोडीदाराच्या स्मृतिभ्रंशाशी झुंजणाऱ्या व्यक्तींमध्ये इन्फ्लुएन्झाच्या लसीला मिळणारा प्रतिपिंडांचा प्रतिसादही क्षीण असतो.

हे का घडते ते समजून घेण्यासाठी कॉर्टिसॉल या संप्रेरकाकडे वळावे लागते. ताणाचा प्रसंग आला, की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एक रासायनिक संदेश पाठवतो. त्यामुळे शेजारची पियुषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला लावते. कॉर्टिसॉलमुळे रक्तातील साखर वाढते आणि शरीराला तातडीची शक्ती मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते. प्रतिकारयंत्रणेने सुरू केलेला दाह, म्हणजे जखम किंवा संसर्गाशी लढताना येणारी सूज आणि लाली, वेळेवर थांबवणे हे ते काम होय.

ते घडते ते असे. पांढऱ्या रक्तपेशींच्या आत, केंद्रकाच्या बाहेर, कॉर्टिसॉलचे ग्राही नावाचे प्रथिन असते. एचएसपी-90 आणि इतर काही सोबती प्रथिने त्याला धरून ठेवतात. कॉर्टिसॉल पेशीच्या पटलातून आत शिरून या ग्राहीला चिकटले, की ग्राहीचा आकार बदलतो, ते सोबत्यांच्या पकडीतून सुटते आणि केंद्रकात जाते. तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचे दुसरे एक प्रथिन इंटरल्यूकिन-6 यासारख्या दाह वाढवणाऱ्या रेणूंची जनुके चालू करत असते. कॉर्टिसॉलने भारलेले ग्राही एनएफ-कप्पा-बीच्या या कामाला अटकाव करते आणि दाह ओसरू लागतो. प्रसंग टळल्यावर हेच कॉर्टिसॉल मेंदूलाही ‘आता पुरे’ असा संदेश देते आणि सारी साखळी शांत होते. संकट तासाभराचे असेल तर ही व्यवस्था उत्तम चालते. शुश्रूषेतील संकट मात्र तासाभरात संपत नाही. ते महिनोन्‌महिने चालू राहते, आणि पुढचा प्रसंग केव्हा येईल हेही सांगता येत नाही.

अशा दीर्घ ताणात नेमके काय होते, हे 2002 मध्ये ग्रेगरी मिलर, शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी 50 निरोगी पालक घेतले. त्यांतील निम्म्यांच्या मुलांना कर्करोग होता. या पालकांच्या रक्तपेशी काचपात्रात ठेवून त्यांच्यात दाह निर्माण करण्यात आला आणि मग कॉर्टिसॉलसारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक त्यांत मिसळण्यात आले. निरोगी मुलांच्या पालकांच्या पेशींनी त्या संप्रेरकाचे अधिक ऐकले आणि इंटरल्यूकिन-6 ची निर्मिती आवरती घेतली. कर्करुग्ण मुलांच्या पालकांच्या पेशींनी ते तितके ऐकले नाही. सतत वाजणाऱ्या घंटेकडे जसे हळूहळू कोणी लक्ष देईनासे होते, तसेच काहीसे या पेशींचे झालेले असते. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की या पालकांचे सकाळचे कॉर्टिसॉल वाढलेले नव्हते, उलट कमी होते. निरोगी माणसात ते सकाळी वर जाते आणि दिवसभरात उतरत जाते. इथे तो चढउतारच सपाट झाला होता. म्हणून ‘ताण म्हणजे वाढलेले कॉर्टिसॉल’ हे समीकरण अपुरे आहे. कॉर्टिसॉल घटवण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे जोरात विकली जातात. बिघाड जिथे संदेश ऐकण्यात झालेला आहे, तिथे संदेश देणारे संप्रेरकच कमी करून काय साधणार, हा प्रश्न त्या विकत घेण्याआधी अवश्य विचारावा.

इथे चिकित्सक वाचकाला एक विसंगती जाणवेल. जखम भरण्यासाठी सुरुवातीला दाह आवश्यक असतो, आणि 1995 च्या अभ्यासातील शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या पेशींना चेतवल्यावर त्यांच्यात इंटरल्यूकिन-1 बीटा या दाह वाढवणाऱ्या रेणूचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे तो रेणू बनवण्याची सूचना, कमी तयार झाला होता, म्हणजे दाहाची तयारी अपुरी होती. दुसरीकडे, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा वर्षांच्या पाहणीत स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्यांच्या रक्तातील इंटरल्यूकिन-6 इतरांच्या सुमारे चौपट वेगाने वाढताना आढळले. याचा अर्थ इतकाच, की प्रश्न दाह कमी की जास्त असा नसून त्याच्या नियमनाचा आहे: जिथे आणि जेव्हा तो हवा तिथे तो पुरेसा नाही, आणि जिथे नको तिथे तो मंद आचेवर धुमसत राहतो. याच पाहणीत असेही दिसले, की जोडीदाराच्या मृत्यूनंतर काही वर्षे उलटली तरी ही वाढ मंदावली नव्हती. ‘आता तुम्ही मोकळे झालात’ असे ज्यांना सांगितले जाते, त्यांचे शरीर तेव्हा मोकळे झालेले नसते.

घरातले आजारपण हे पूर्वजन्मीचे भोग आहेत आणि ते निमूटपणे भोगले तरच फिटतात, असेही पुष्कळदा सांगितले जाते. या समजुतीचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्यामुळे मदत मागणे हाच गुन्हा ठरतो. वर वर्णन केलेल्या साखळीत पापपुण्याला कुठेही जागा नाही. तिथे आहेत ती संप्रेरके, ग्राही आणि न मिळालेली विश्रांती.

तथापि, शुश्रूषा करणारा प्रत्येकजण आजारी पडतोच असा निष्कर्ष यातून काढू नये. 1999 मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वयस्कर जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी अधिक आढळला. काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात ही वाढ आढळली नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेतीन हजारांहून अधिक शुश्रूषकांच्या अमेरिकन पाहणीत तर त्यांचा मृत्युदर तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी कमी निघाला. काळजी घेणे हे स्वतःहून विषारी नाही, त्यातून समाधानही मिळते. झीज होते ती एकाकी, अखंड आणि आवाक्याबाहेर गेलेल्या जबाबदारीने.

स्वतःला दोष देण्याचा प्रश्न याच ठिकाणी शरीरशास्त्राशी जोडला जातो. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतील 208 अभ्यास एकत्र तपासून 2004 मध्ये दाखवले, की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त उसळते ते दोन गोष्टी जुळून आल्यावर: परिस्थिती आपल्या हाताबाहेर असणे आणि इतरांकडून आपले मूल्यमापन होण्याची भीती असणे. आजार हाताबाहेरचा असतोच. ‘मी कमी पडले’ असा निवाडा करणारा दुसऱ्या कोणाची वाट न पाहता आपणच मनात बसवला, तर दुसरी अटही दिवसरात्र पूर्ण होत राहते, असे मानण्यास जागा आहे.

स्वतःविषयीच्या करुणेची मानसशास्त्रीय मांडणी क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये केली. चुकल्यावर स्वतःशी कठोर न होता ममतेने वागणे, अशी दमछाक प्रत्येकाच्या वाट्याला येते हे जाणणे आणि दुःख न नाकारता, पण त्यात वाहून न जाता त्याकडे पाहणे, अशी तिची तीन अंगे आहेत. स्वतःला माफ केले तर आपण आळशी होऊ, कर्तव्यात ढिले पडू, अशी भीती अनेकांना वाटते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या प्रयोगात याच्या उलट दिसले: परीक्षेत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचवले गेले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. ब्राइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तरुण प्रौढांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात, स्वतःविषयी करुणा अधिक असलेल्यांमध्ये ताणाच्या प्रसंगानंतर इंटरल्यूकिन-6 ची वाढ कमी आढळली. अभ्यास लहान आहे आणि तो शुश्रूषकांवरचा नाही, म्हणून त्यावर मोठा इमला उभारू नये. पण त्याची दिशा आधीच्या निष्कर्षांशी जुळते.

मात्र केवळ मनाची समजूत घालून हा प्रश्न सुटेल असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. थकलेल्या माणसाला ‘स्वतःची काळजी घ्या’ असे सांगून निघून जाणे म्हणजे त्याच्या यादीत आणखी एक काम घालणे होय. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांच्या गटाने केलेले काम या दृष्टीने फार आश्वासक आहे. अल्झायमर झालेल्या जोडीदारांची घरी काळजी घेणाऱ्या 406 व्यक्तींचा त्यांनी अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांना समुपदेशनाची दोन वैयक्तिक सत्रे, इतर कुटुंबीयांसह चार सत्रे, शुश्रूषकांच्या आधारगटाची जोड आणि अडचण येईल तेव्हा फोनवर बोलण्याची सोय देण्यात आली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे 557 दिवसांनी पुढे गेली. या फरकाचा मोठा भाग तीन गोष्टींमुळे पडला: आपल्याला आधार आहे असे शुश्रूषकाला वाटू लागले, रुग्णाच्या अवघड वागण्याने होणारा त्रास कमी झाला आणि स्वतःचे नैराश्य घटले. सहांपैकी चार सत्रे कुटुंबीयांसह होती, हे मला विशेष वाटते; भावंडे, मुले आणि इतर नातलग यांनी एकत्र बसून कोण काय करू शकेल हे ठरवणे हा त्या उपचाराचाच भाग होता.

म्हणून रुग्णाला तपासायला नेताना सोबत आलेल्या व्यक्तीनेही आपला रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती यांविषयी डॉक्टरांशी बोलावे, स्वतःच्या लसी वेळेवर घ्याव्यात, आणि हातावरची साधी जखम लवकर भरत नसेल तर तेही सांगावे. आणि जे नातलग दूर राहून कौतुक करतात, त्यांनी आठवड्यातील एखादी रात्र ठरवून स्वतःकडे घ्यावी, म्हणजे त्या व्यक्तीला तेवढी एक रात्र तरी अखंड झोप मिळेल.