छोट्या ऑफिसचा कॉम्प्युटर कुणाला दिसत नाही? दिसतो!
नागपुरात इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांपासून सीताबर्डीच्या सीए ऑफिसपर्यंत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: "आपल्या एवढ्याशा कॉम्प्युटरकडे कोण बघतंय?" साफ चूक. इंटरनेटवर उघडे कॉम्प्युटर शोधणारा स्कॅनर प्रोग्राम नाव-गाव बघतच नाही, एकेक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा कनेक्शनचा नंबर) तपासत सुटतो. २०१३ साली आलेलं, फुकट मिळणारं झीमॅप हे असंच स्कॅनर टूल गिगाबिट लाइनवर अख्ख्या आयपीव्ही-४ (नेहमीच्या आयपी पत्त्यांच्या) इंटरनेटवर एखादं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिरायचं नंबर दिलेलं दार, पाऊण तासात तपासतं. घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं) उघडून ठेवलंय? ते सापडणारच, नंबर बदलूनही लपत नाही. ते बंद करा, व्हीपीएनमधून (ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित, खासगी जोडणीतून) या, अपडेट लावा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसनं मे २०१७ मध्ये धुमाकूळ घातला, तेव्हा तो रोखणारा विंडोजचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता! आणि झीमॅपसारखी हीच टूल्स बाहेरच्या लाइनवरून आधी स्वतःच्या नेटवर्कवर चालवून बघा.