नाकाच्या टोकापासून निघालेली एक रेष

बरोक काळातली (साधारण सतरावे शतक) युरोपीय कोरीव चित्रे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे, समाजमाध्यमांवर आली की त्यांत गुप्त संघटनांचे संदेश शोधणारे लगेच जमतात. कवटी, वाळूचे घड्याळ, शेपटी गिळणारा साप: यात गुप्त काहीच नव्हते. चेझारे रिपाचा 'इकोनोलोजिया' हा प्रतीकांचा कोश १५९३ मध्ये रोमला छापला गेला, १६०३ पासून चित्रांसह. कलाकार त्यातून प्रतीके उघड उचलत.

खरे थक्क व्हायचे तर फ्रेंच कोरणीकार क्लोद मेलाँने १६४९ मध्ये कोरलेला 'वेरोनिकाचा रुमाल' पाहावा. आख्यायिका अशी की, क्रूस वाहणाऱ्या येशूने वेरोनिकाच्या कापडाने तोंड पुसले आणि त्यावर चेहरा उमटला. मेलाँने तो चेहरा, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब हे सगळे नाकाच्या टोकापासून निघालेल्या एकाच सर्पिल रेषेने काढले. डास पळवायच्या गोल अगरबत्तीसारखी रेष. एका रेषेवर दुसरी आडवी रेष कुठेच नाही.

मग छाया येते कुठून? रेषेच्या जाडीतून. चौकोनी पोलादी सळईचे टोक तिरपे घासून केलेली कोरणी तांब्यात इंग्रजी 'व्ही'सारखी चर पाडते. चरीचा कोन ९० अंश धरला तर रुंदी खोलीच्या दुप्पट. खोली ०.०५ मिलिमीटर तर रेष ०.१ मिलिमीटर. खोली दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, पण चरीच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे त्यात मावणारी शाई, चौपट. त्यामुळे हाताचा दाब किंचित वाढला तरी कागदावर काळेपणा झपाट्याने वाढतो. उजवा हात कोरणी पुढे ढकलतो. वळण मात्र डावा हात देतो, वाळूच्या चामडी उशीवर ठेवलेला पत्रा फिरवून.

पत्रा सुमारे ४३ गुणिले ३१ सेंटिमीटरचा. दोन वेढ्यांत एक मिलिमीटर अंतर धरले तर रेषेची लांबी सव्वाशे मीटरच्या पुढे जाते. (पत्रा चौकोनी असल्याने कडांना टेकल्यावर वेढे कोपऱ्यांत कमानी होऊन तुटतात.) एरवी कोरणी निसटली तर आडव्या रेषांच्या जाळीत चूक लपवता येते. इथे ती सोय नाही. ओरखडा खरवडायचा, घोटायचा, खड्डा पडला तर पत्रा मागून ठोकून वर आणायचा आणि रेष पुन्हा जुळवायची. चरीच्या काठावर उठलेली तांब्याची खरखरीत किनारही खरवडावी लागते, नाहीतर तिथे शाई धरून रेष फिसकटते.

छापताना पत्र्यावर जवसाचे तेल आणि काळी भुकटी यांची शाई चोळतात, वरची पुसतात, चरीतली राहते. दमट कागद रुळांच्या दाबाने चरीत शिरून ती उचलतो. कागद कोरडा राहिला तर चरीपर्यंत पोचत नाही, फार ओला झाला तर तेलकट शाई धरत नाही.

याच मेलाँने १६३०च्या दशकात पेरेस्क आणि गासेंदी या फ्रेंच खगोल-अभ्यासकांसाठी दुर्बिणीतून दिसणारा चंद्र कोरला होता. उजेड-सावलीची ती शिस्त इथेही दिसते.

चित्रातले लॅटिन शब्द सांगतात: 'एकमेव तो एकीनेच घडला, दुसरा नाही.' देवाचा एकच पुत्र, एकच रेष. शिवाय कापडावर चेहरा जसा दाबाने उमटला, तसाच तो पत्र्यावरून कागदावर दाबानेच उमटतो. छापण्याची कृतीच इथे प्रतीक झाली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर हे चित्र शोधा, मोठे करा आणि नाकाच्या टोकापासून एका डोळ्यापर्यंत वेढे मोजत जा.