स्टॅग: प्रशिक्षकाला प्राध्यापकाची खुर्ची मिळाली तेव्हा

अमेरिकी विद्यापीठांत क्रीडा संचालकाचं वजन मोठं असतं. प्रशिक्षकांच्या नेमणुका, मैदानं, तिकिटांचा पैसा, सगळा कारभार त्याच्या हाती. या पदाला आकार देणाऱ्यांत आमोस अलोन्झो स्टॅग यांचं नाव आधी घ्यावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजचे संघ मुलंच चालवत. कर्णधार मुलांमधलाच असे आणि हंगामापुरता एखादा माजी खेळाडू शिकवायला येई. १८६२ साली न्यू जर्सीत जन्मलेले स्टॅग येलला गेले ते धर्मोपदेशक व्हायला. नाव मात्र काढलं बेसबॉल आणि फुटबॉलमध्ये (हा फुटबॉल अर्थातच अमेरिकी). येलमधले त्यांचे शिक्षक विल्यम रेनी हार्पर नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये त्यांनी स्टॅगना क्रीडा विभागाचे संचालक नेमलं, तेही अध्यापकाचा दर्जा आणि कायम नोकरी देऊन. एखादा सामना हरला म्हणून हकालपट्टी होण्याची भीती उरली नाही. मला हार्परचा हा निर्णय फार दूरदृष्टीचा वाटतो. पण त्याची दुसरी बाजूही होती: तिकिटांचा पैसा वाढला तसा स्टॅगचा विभाग इतर प्राध्यापकांच्या आवाक्याबाहेर गेला.

मैदानावर त्यांची कामगिरी थोर होती. १९०५ मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असं हरवलं आणि त्या संघाची ५६ सामन्यांची अपराजित मालिका संपवली. बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यातही स्टॅग खेळले होते.

१९३२ मध्ये सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे त्यांना शिकागो सोडावं लागलं. घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये त्यांनी १९४६ पर्यंत संघ घडवले आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, ते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पुढे पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीनेही शिकवलं. १९६५ साली १०२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

शिकागोने मात्र १९३९ मध्ये फुटबॉल बंदच केला. खेळाचा व्यवसाय विद्यापीठात नको, असं तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचं ठाम मत होतं. रिकाम्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली १९४२ मध्ये पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली गेली. विद्यापीठाचा संघ पुन्हा अधिकृतपणे उभा राहिला तो १९६९ मध्ये. आज खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांच्या फुटबॉल अजिंक्यपदाचा अंतिम सामना 'स्टॅग बोल' म्हणून ओळखला जातो.