कचरा जाळणे, उघड्यावरचे (गोवा)

घराचे आवार, शेताचा बांध किंवा रस्त्याची कड येथे कचऱ्याला आग लावून तो संपवण्याची बेकायदा पद्धत. गोव्यात पावसाळा सरल्यावर ती वाढते. आंब्या-फणसाचा पातेरा (गळलेला पाला), चुडते (माडाच्या वाळलेल्या झावळ्या) व सोडणे (नारळाच्या काथ्याच्या साली) यांचे ढीग पहाटे पेटवले जातात.

प्रथेचे मूळ निश्चित नाही. कोकणातला भाताचा राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा) व डोंगरउतारावरची कुमेरी शेती (झाडे तोडून, जाळून केलेली फिरती शेती) यांच्याशी तिचा संबंध जोडता येतो. मात्र तेथे जमीन भाजणे हाच हेतू असे. अंगण झाडून गोळा झालेला पातेरा जाळायचा व राख माडाच्या आळ्यात (बुंध्याभोवतीच्या खळग्यात) टाकायची, या घरगुती सवयीतून ती आली असावी, हे अधिक संभवनीय वाटते.

आता त्याच ढिगात दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची पाकिटे आणि वायरीचे तुकडे असतात. वितळलेली पिशवी सोडणाला काळी चिकटून राहते. ओल्या सोडणामुळे आग भडकत नाही, तासन्‌तास धुमसते. अशा अपुऱ्या ज्वलनात वायरीच्या आवरणातील पीव्हीसी या प्लॅस्टिकमधल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन ही विषारी संयुगे तयार होतात. वायरीतले तांबे या क्रियेला उत्प्रेरक ठरते. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने धूर वर चढत नाही. तो कौलांच्या उंचीवर पसरतो आणि शेजारी दम्याचे माणूस किंवा तान्हे मूल असेल त्या खोलीतही शिरतो.

‘आमच्याच आवारात जाळतो’ हा बचाव नेहमीचा. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधील नियम ४ (२) ची मनाई ‘आवाराबाहेरील’ रस्ते व मोकळ्या सार्वजनिक जागांपुरती लिहिलेली असल्याने त्याला वाव मिळाला. परंतु बागेतला कचरा वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असे त्याच नियमात होते. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास सरसकट बंदी घातली; साध्या प्रकारास ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. हा बचाव त्यानंतर टिकू नये.

तक्रार पंचायत किंवा पालिकेकडे लेखी करतात. ढीग धुमसत असतानाचे, वेळ दिसेल असे छायाचित्र सोबत असावे. राख निवल्यावर प्लॅस्टिक जळाले हे दाखवणे कठीण जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतो.

निव्वळ पातेरा माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरतात. तो ओल धरतो व कुजून खत होतो.