दिवा घरातला, मग हुकूम बाहेरून कशाला?

फोनवरून स्मार्ट दिवा लावला, की तो आदेश बऱ्याचदा सरळ दिव्याकडे जात नाही. आधी तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्याच राउटरमार्गे परत घरात येतो. प्रकाशीय तंतूतून सिग्नल सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून हा वळसा सहसा लक्षात येत नाही. तो लक्षात येतो इंटरनेट गेल्यावर. किंवा कंपनीनेच गाशा गुंडाळला, की. २०१४ मध्ये नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने रिव्हॉल्व्ह ही होम हब (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारी डबी) बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात तिची सेवा बंद केली. लोकांच्या घरातले धडधाकट हब त्या दिवसापासून निरुपयोगी झाले.

यावरचा उपाय म्हणजे निर्णय घेणारा संगणक घरातच ठेवायचा. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी मुक्त स्रोत प्रणाली म्हणजे होम असिस्टंट. पॉलस स्खाउट्सन यांनी २०१३ मध्ये ती पायथॉन या संगणकभाषेत लिहायला सुरुवात केली. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक तिला पुरतो.

घरातली उपकरणं एकमेकांशी बोलतात कशी, हा यातला सगळ्यात रंजक भाग. एमक्यूटीटी हा त्यांचा एक आवडता प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली पद्धत. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तो १९९९ मध्ये तयार केला, तो दिव्यांसाठी नव्हे, तर तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी. मोजमापं उपग्रहामार्गे यायची आणि तिथे प्रत्येक बाइटचे पैसे पडायचे, म्हणून संदेशाच्या सुरुवातीचं ठरावीक शीर्ष (हेडर) अवघ्या २ बाइटांपासून सुरू होतं. मध्ये एक 'ब्रोकर', म्हणजे संदेश वाटणारा प्रोग्राम, बसतो, उदाहरणार्थ मॉस्किटो. सेन्सर 'घर/बैठक/तापमान' या विषयावर आकडा पाठवून मोकळा होतो. तो कोणाला हवा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्यांनी तो विषय मागून ठेवलाय, त्यांना ब्रोकर आकडा पोचवतो. (विषयाचं नाव युनिकोडमध्ये असतं, त्यामुळे वरचं मराठी नाव खरंच चालतं.)

बॅटरीवरच्या सेन्सरांसाठी मात्र वाय-फाय फार खादाड. तिथे झिगबी हे कमी वीज खाणारं बिनतारी जाळं बरं. त्यात कायम वीज मिळणारी उपकरणं, म्हणजे प्लग आणि बरेचसे दिवे, इतरांचे संदेश पुढे ढकलतात आणि बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात. पण झिगबीसुद्धा वाय-फायसारखंच २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि इथेच नवशिक्यांना हमखास छळणारी एक गोष्ट घडते. झिगबीचा डाँगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ, संगणकाच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात खुपसला, की सेन्सर अधूनमधून गायब होतात. यूएसबी ३.० चा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात सांडतो. लोक सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास डोकं खुपसून बसतात, आणि इलाज असतो डाँगल पोर्टापासून दूर नेणारी मीटरभर लांबीची एक्स्टेंशन केबल.

बाहेरून घरात डोकावण्यासाठी राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून होम असिस्टंटचं पान सगळ्या जगापुढे मांडण्याचा मोह टाळावा. वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा, वापरा. २०२० पासून ते लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्यातच आहे, आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. पोर्ट चाचपत फिरणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर फार विसंबू नका. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची नोंद सतत डेटाबेसात लिहितं आणि फ्लॅश मेमरीचे कप्पे ठरावीक वेळाच पुसता येतात. एसएसडी ही जास्त टिकणारी डिस्क वापरा, बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि तो एकदा परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप मी जमेला धरत नाही. घरातले सगळे फोटोही पहिल्याच झटक्यात इथे हलवू नयेत. सुरुवात सेन्सरपासून करा, कारण त्यांच्या नोंदी गेल्या तर फारसं बिघडत नाही, फोटो गेले तर बिघडतं.

आणि घरातल्या बाकीच्यांचा विचार करा. सर्व्हर बंद पडला, तरी भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे. झिगबीत त्यासाठी 'बाइंडिंग' असतं: बटण आणि दिवा दोघांनाही ते जमत असेल, तर त्यांची थेट जोडी लावता येते, मग मधला संगणक बंद असला तरी दिवा लागतो. जिन्यातल्या आणि बाथरूममधल्या दिव्यांसाठी हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.