अन्वय (कवितेचा अर्थ लावण्याची रीत)

अन्वय : छंद, यमक किंवा ठसक्यासाठी कवितेत मागेपुढे झालेली पदे त्यांच्या आपसातल्या नात्याप्रमाणे जुळवून वाक्य उभे करण्याची रीत. शब्द संस्कृत असून त्याच्या मुळाशी ‘अनु + इ’, म्हणजे मागोमाग जाणे, हा धातू आहे. कोणते पद कोणामागे चालते हे शोधले की अन्वय लागला. सरकारी पत्रातले ‘कलमान्वये’ हे याच शब्दाचे रूप. ‘त्याचा याच्याशी दूरान्वयानेही संबंध नाही’ हा वाक्प्रचारही इथलाच : जोडीची पदे एकमेकांपासून फार लांब पडली, तर जुने काव्यशास्त्र त्याला दूरान्वय हा दोष म्हणते.

वाक्य जुळायला तीन गोष्टी लागतात, असे शास्त्र सांगते. ‘आणतो’ म्हटले की ‘कोण?’ आणि ‘काय?’ हे प्रश्न उभे राहतात, ही आकांक्षा. पदे पुरेशी जवळ हवीत, हा संनिधी. आणि त्यांचे अर्थ एकमेकांना मानवायला हवेत, ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपतो’ यात विभक्ती बरोबर आहे, क्रियापद बरोबर आहे, पण विस्तवाने कोणी शिंपत नाही. आकांक्षा पुरी झाली, योग्यता मात्र तुटली. या तुटण्याला कवितेत फार मोल आहे. त्याबद्दल पुढे येईल.

अन्वय लावण्याच्या पद्धती दोन. दंडान्वयात सगळी पदे गद्याच्या क्रमाने एका ओळीत मांडतात. खंडान्वयात आधी मुख्य वाक्य पकडून प्रश्न विचारत बाकीची पदे जोडतात. संस्कृत काव्यांचा अर्थ उलगडणाऱ्या टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने तर आपण सगळे स्पष्टीकरण अन्वयाच्या वाटेनेच करतो, निराधार काही लिहीत नाही आणि अनावश्यक काही बोलत नाही, अशी प्रतिज्ञाच केली आहे. कविता शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती पाठ करावी इतकी ती मोलाची आहे.

नागपूरकरांसाठी अन्वयाचा सर्वांत जवळचा धडा कालिदासाच्या ‘मेघदूता’चा पहिला श्लोक. ‘कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः’ ही त्याची पहिली ओळ मंदाक्रांता वृत्तात आहे : १७ अक्षरे, यती (म्हणताना थांबायची जागा) चार, सहा आणि सात अक्षरांवर. खंडान्वय ‘यक्षाने वसती केली’ इथून सुरू होतो. कोणता यक्ष? कोणी एक. कसा? आपल्या कामात चुकलेला. आणखी कसा? महिमा मावळलेला. कशाने मावळला? शापाने. कोणाच्या? धन्याच्या. केवढ्या? वर्षभर भोगायच्या, पत्नीच्या विरहाने जड झालेल्या. आणि वसती कुठे? रामगिरीवरच्या आश्रमांत. दुसऱ्या ओळीतले ‘वर्षभोग्येण’ (वर्षभर भोगायच्या) हे पद ‘शापेन’ला (शापाने) चिकटते ते दोन्हींच्या तृतीयेमुळे. संस्कृतात पदांनी कितीही भटकावे, विभक्ती त्यांना घरी आणते.

अन्वय लागल्यावर श्लोकाकडे परत फिरावे लागते, आणि शिकवताना नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. ‘कश्चित्’ पहिल्या ओळीच्या आरंभी आहे, ‘यक्षः’ तिसऱ्या ओळीच्या. दोघांमध्ये ३२ अक्षरे आहेत. तो कोण हे कळण्याआधी विरह, चूक, शाप आणि ढळलेला महिमा आपल्या कानावर पडून गेलेला असतो. गद्यक्रमात ‘कश्चित् यक्षः’ शेजारी बसवले की अर्थ कळतो, पण ही वाट पाहायला लावणारी रचना हरवते. कवीने क्रम का मोडला हे दिसायचे, तर आधी तो सरळ करून पाहिलाच पाहिजे.

याच श्लोकातला ‘रामगिर्याश्रमेषु’ हा शब्द नागपुरात विशेष जिव्हाळ्याने वाचला जातो. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचा रामटेक असल्याचे मांडले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायांपासून दिलेला आहे. तो या मताचा एक आधार. आज रामटेकला १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. स्थळाच्या वादात एक व्याकरणाची गोष्ट मात्र झाकली जाते. ‘आश्रमेषु’ हे अनेकवचन आहे. एकट्या यक्षाला अनेक आश्रम कशाला? विरहाने त्याचे एका जागी मन लागत नव्हते, हे त्या अनेकवचनाने सुचवले आहे, असे मल्लिनाथ सांगतो. एका प्रत्ययात एवढी घालमेल! व्याकरण आणि रसग्रहण ही दोन वेगळी खाती नव्हेत, हे पटवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मराठीत शब्दयोगी अव्यये वाढली, पदांचा क्रम बराचसा ठरून गेला, तरी जुन्या ओवीला अन्वय लागतोच. ज्ञानेश्वरीतली ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ ही ओवी (६.१४) सर्वांना पाठ असते. तिच्या शेवटच्या ‘ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन’ या भागात ‘रसिकें’ म्हणजे रसिक लोक, असे घाईने वाचणारे अनेक. हे रूप जुन्या मराठीत तृतीयेचेही (‘रसिकाने’) होऊ शकते, त्यामुळे नुसत्या रूपावरून निकाल लागत नाही. निकाल देते ते क्रियापद. ‘मेळवीन’ हे प्रथमपुरुषी भविष्यकाळाचे रूप. त्याचा कर्ता ‘मी’ त्यातच आहे, तृतीयेतल्या दुसऱ्या कर्त्याला जागा नाही. मग ‘ऐसीं’, ‘अक्षरें’, ‘रसिकें’ ही तिन्ही नपुंसकलिंगी अनेकवचने एका रांगेत बसतात : अशी रसाळ अक्षरे मी जुळवीन.

विदर्भात जुनी मराठी वाचण्याला महानुभाव पंथाच्या वाङ्मयाने मोठे बळ दिले. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांमध्ये झाकून ठेवले होते. भीष्माचार्यांचा ‘पंचवार्तिक’ हा मराठीतला पहिला व्याकरणविषयक ग्रंथ मानला जातो, तो याच परंपरेतला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. असल्या संपादनात अन्वयाच्याही आधी पदच्छेद येतो : अखंड लिहिलेल्या ओळीत शब्द कुठे संपतो तेच आधी ठरवायचे असते.

शाळेत संस्कृतचा ‘अन्वयं पूरयत’ (अन्वय पूर्ण करा) हा प्रश्न रिकाम्या जागा भरण्यापुरता उरला आहे, ही खेदाची बाब. खरे तर नागपूरच्या मुलांना खंडान्वय त्यांच्याच बोलीत सहज करता येतो : ‘कोनं केलं? काय केलं? कोनाले? कायले? कुठी?’ ‘मले’, ‘तुले’ यांतला ‘ले’ आणि प्रमाणभाषेतला ‘ला’ एकच काम करतात, हे एकदा दिसले की विभक्ती ही पाठ करायची कोष्टके राहत नाहीत. बोलीला चूक म्हणून खोडणारा शिक्षक हातातले सर्वांत उपयोगी साधनच फेकून देतो.

आधुनिक कवितेत अन्वयाचे काम बदलते. कवी अनिल (१९०१–१९८२) यांच्या मुक्तछंदात ओळ बोलण्याच्या लयीला जवळ जाते, त्यामुळे पदे जुळवण्याची मेहनत थोडी. नागपूरच्याच ग्रेस (१९३७–२०१२) यांची कविता दुर्बोध म्हणून ओळखली जाते, पण तिचा अन्वय लावू जावे तर कर्ता, कर्म, क्रियापद बहुधा आपापल्या जागी सापडतात. अडते ते योग्यतेपाशी : ज्या दोन अर्थांचा मेळ बसत नाही ते तिथे शेजारी ठेवलेले असतात. मुख्य अर्थाला अशी बाधा आली की लक्षणा, म्हणजे त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे, सुरू होते, असे काव्यशास्त्र म्हणते. अन्वय लावून पाहिलेल्या वाचकाला निदान आपण कुठे अडलो ते नेमके कळते. ‘काहीच समजले नाही’ असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

गझलेत अन्वयाला कडक कुंपण असते. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात निधन पावलेले सुरेश भट (१९३२–२००३) यांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द), अलामत (यमकाआधीचा ठरलेला स्वर) सांभाळूनही शेराचे वाक्य त्याच्या दोन ओळींत पुरे व्हावे लागते. उरलेले पद पुढच्या शेरात ढकलता येत नाही. शेर गझलेतून वेगळा काढून म्हटला, तरी त्याची आकांक्षा तिथल्या तिथे भागली पाहिजे.