‘एफई’तला गट आला कुठून?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘एफई’ला, गट तसा कायमच होता. प्रॅक्टिकलला एका ऑसिलोस्कोपभोवती पाच-सहा जण उभे. एक जण नॉब फिरवणार, एक जण रीडिंग घेणार, बाकीचे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढणार. हा गट उपकरणांच्या टंचाईतून आला, शिकवण्याच्या विचारातून नव्हे. हल्ली ‘सहयोगी’, ‘आंतरविद्याशाखीय’ अशी भारदस्त नावं लावून जो गट अभ्यासक्रमात आलाय, त्याचं कूळ वेगळं. ते माहीत नसलं की नवा गटही जुन्यासारखाच वागतो.

आपल्याकडचं तंत्रशिक्षण गिरणीच्या सावलीत वाढलं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ची. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिथेही कापडाचं शिक्षण अगदी सुरुवातीपासून होतं. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप याच वळणाचं: सुतारकाम, फिटिंग, पत्राकाम. हाताला शिक्षण मिळे, पण एकेकट्याला. फिटिंगचा जॉब ज्याचा त्याने कानशीने घासायचा आणि गुण्याला लावून काटकोन दाखवायचा. काम आणि अभ्यास एकत्र आणण्याचा विचार वर्ध्याला १९३७च्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. गांधीजींच्या या नई तालीममध्ये टकळीवर सूत कातताना गणितही यायचं, भूगोलही. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमावर त्याची फारशी छाप पडली नाही.

सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाली. अभ्यासक्रम तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ मध्ये मिळालं. पहिलं वर्ष सर्व शाखांना सामाईक असणं ही खरं तर मोठी सोय होती: मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सिव्हिल सगळे एकाच वर्गात. पण सामाईक होते ते विषय. काम सामाईक नव्हतं.

बाहेर मात्र हालचाल चालू होती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना आधी प्रश्न आणि मग व्याख्यान अशा उलट्या क्रमाने शिकवायला सुरुवात झाली. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये उभं राहिलं तेच गटाच्या प्रकल्पांवर. तरी खरा धक्का दिला तो मान्यतेच्या नियमांनी. अमेरिकेतल्या ‘अबेट’ या मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९६ मध्ये नवे निकष मंजूर केले. त्यात अनेक शाखांच्या गटात काम करता येणं ही पदवीधराची अट झाली. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि हीच अट ‘एनबीए’ या आपल्याकडच्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या तेव्हाच्या बारा निष्पत्तींमध्ये, म्हणजे पदवीधराला काय यावं या यादीत, नवव्या क्रमांकावर आपल्या फाइलींत दिसू लागली. हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजने, म्हणजे आजच्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठाने, २०१५ मध्ये पहिल्या वर्षाला सर्व शाखांसाठी प्रकल्पाधारित विषय आणला. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या ‘एआयसीटीई’च्या २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचा भार १६० श्रेयांकांवर (क्रेडिट्सवर) आणला आणि सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम ठेवला. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय हा शब्द सगळीकडे नेला.

शब्द आला तरी गट रोल नंबरनेच पाडले जातात. यात काय बिघडतं, हे एका फ्रेंच कृषी अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी मोजून ठेवलंय. रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मा भरतो. म्हणून एफईचा गट चारचाच असावा. पाचवा आला की तो प्रेझेंटेशनचा रंग ठरवतो. गटात एकच मुलगी ठेवू नये. दोन असाव्यात, नाहीतर एकही नको. एकटी असली की तिच्याकडे हटकून लिखाणाचं काम येतं. आणि अक्कलकोट, बार्शी, मोहोळहून एसटीने येणारे कोण, हे आधी विचारावं. हॉस्टेलची मुलं रात्री आठला भेटायचं ठरवतात, तेव्हा यांना घरची गाडी पकडायची असते.

गुण सगळ्यांना सारखे दिले की दोर सैल पडतो. बरा उपाय असा: सदस्यांनी एकमेकांना गुप्तपणे गुण द्यायचे, प्रत्येकाची सरासरी गटाच्या सरासरीने भागायची आणि येणाऱ्या भागाकाराने गटाच्या गुणांना गुणायचं. गटाला ५० पैकी ४० मिळाले, गटाची सरासरी ८० आणि एखाद्याची ६४ असेल, तर त्याला ३२. या भागाकाराला वरची मर्यादा १.०५ ठेवावी. पहिल्यांदा हे चौथ्या आठवड्यात, गुण न धरता करावं. थेट शेवटी केलं तर मैत्रीखातर सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन मोकळे होतात.

काम असं हवं की एका शाखेला ते पेलूच नये. सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. यंत्रमागाला बसवायचा पिक काउंटर, म्हणजे आडवे धागे मोजणारं यंत्र, घ्या. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात बाण्याचा एक धागा, म्हणजे एक पिक, पडतो. शाफ्टवर छोटं चुंबक, समोर चुंबक ओळखणारा ए३१४४ हॉल सेन्सर, त्याला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर आणि अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डची २ नंबरची पिन. चुंबकाची दक्षिण बाजू सेन्सरच्या छापील तोंडाकडे हवी. उलटं बसलं तर आकडा शून्यावरच राहतो आणि पोरं तासभर प्रोग्रॅम तपासत बसतात. स्वस्त म्हणून इन्फ्रारेड सेन्सर लावला तर त्यावर सुताचा भुसा बसतो. चुंबक नुसतं चिकटवलं तर मागाच्या हादऱ्याने सुटतं. वायर लांब, शिल्डशिवाय आणि मोटरच्या केबलशेजारून गेली की खोट्या पल्स मोजल्या जातात.

मग हिशेब. मिनिटाला १२० पिक, इंचाला ४० पिक. तासाला ७,२०० पिक, म्हणजे १८० इंच, साधारण ४.५७ मीटर कापड. काउंटर बरोबर हेच दाखवतो. कापड मागावरून उतरवून टेपने मोजलं की कमी भरतं. मेकॅनिकलवाला इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे बघतो, तो कॉम्प्युटरवालीकडे. गटात पद्मशाली विणकराच्या घरातलं कुणी असेल तर उत्तर तिथून येतं: मागावर कापड ताणात असतं, ताण सुटला की ते आखडतं. आखडण्याचं प्रमाण सूत आणि वीण यांप्रमाणे बदलतं. त्यामुळे प्रत्येक मालासाठी आधी एक मीटर मागावर खूण करून, उतरवून, पुन्हा मोजावा लागतो.